घरच्या आयपीएत हॉप्स किती घालायचे? पहिल्या बॅचसाठी हिशोबासकट मार्गदर्शन

वीस लिटर आयपीएला (इंडिया पेल एल, म्हणजे कडवट आणि हॉप्सच्या वासाची बिअर) हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) किती लागतात, याचं सरळ उत्तर आधी देते: सुमारे २२५ ग्रॅम. म्हणजे अमेरिकेतल्या होमब्रू दुकानात मिळणारी एक औंसाची आठ पाकिटं. पण नुसता हा आकडा घेऊन चुलीपाशी उभं राहिलात तर काही उपयोग नाही. तेच २२५ ग्रॅम पहिल्याच मिनिटाला उकळीत टाकले तर बिअर तोंडात धरवणार नाही इतकी कडू होईल, आणि सगळे शेवटी टाकले तर वास घमघमेल पण आयपीएला हवा तो कडवटपणा येणार नाही.

खरं तर 'किती' या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. कडवटपणासाठी किती, उकळीच्या शेवटी किती, आणि आंबवण झाल्यावर गार बिअरमध्ये किती. प्रत्येकाचं माप वेगळं आहे आणि प्रत्येकाचा हिशोब स्वतंत्र करायचा असतो. इंटरनेटवरची पाककृती बघून औंस जसेच्या तसे उतरवणारे नवखे लोक इथेच अडकतात. म्हणून हा लेख मी त्या तीन हिशोबांभोवती लिहिला आहे. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), मॅश (ते गरम पाण्यात भिजवणं), यीस्ट यांबद्दल जेवढ्यास तेवढंच येईल.

कायद्याचं आधी

मी वॉशिंग्टन राज्यात राहते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेला कायदा १९७९ मध्ये लागू झाला आणि घरी स्वतःपुरती बिअर बनवायला संघराज्याच्या पातळीवर मोकळीक मिळाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही, एक बाटलीसुद्धा नाही. राज्याराज्यांचे नियम थोडे वेगळे आहेत, तेवढे बघून घ्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे थांबून नीट वाचावं: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, घरच्या घरी केलं तरी. पुण्या-मुंबईत आता मायक्रोब्रुअरी आहेत. तिथे ग्लास हातात घेऊन त्यात नेमकं काय घडलंय हे ओळखायला हा लेख कामी येईल, पण पातेलं चढवायला नको.

काय काय लागेल

- डिजिटल वजनकाटा, एक ग्रॅमपर्यंत अचूक. स्वयंपाकघरातला चालतो.
- निदान ३० लिटरचं स्टीलचं पातेलं. वीस लिटरच्या बॅचला २५ लिटरचं पातेलं घेतलंत तर उतू जाणारच.
- थर्मामीटर आणि हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन).
- हॉप्ससाठी मलमलीची किंवा नायलॉनची सैल, मोठी पिशवी.
- झाकण आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी नळी) असलेला फर्मेंटर (आंबवणाचं भांडं), सायफन, बाटल्या, बुचं लावायचं यंत्र, निर्जंतुक करायचं द्रावण.
- वही. यावर शेवटी पुन्हा येईन.

१. पाकिटावरचे दोन आकडे वाचा

पहिला आकडा अल्फा ॲसिडचा. हॉप्सच्या फुलात पिवळसर, चिकट भुकटी असते, ल्युप्युलिन. कडवटपणा देणारी अल्फा ॲसिडं आणि वास देणारी तेलं दोन्ही त्यातच असतात. अल्फा ॲसिड मुळात पाण्यात नीट विरघळत नाही. उकळीच्या उष्णतेने त्याची रचना बदलते, मग ते विरघळतं आणि बिअर कडवट होते. वास देणाऱ्या तेलांचं बरोब्बर उलटं. ती उकळीत वाफेबरोबर उडून जातात. हॉप्स किती घालायचे आणि केव्हा घालायचे हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत, ते यामुळे.

हॉप्सच्या जातींचा साधारण अंदाज असा: कॅस्केड ५ ते ७ टक्के, सेंटेनियल १० च्या आसपास, मॅग्नम, सिमको, सिट्रा, मोझॅक १२ च्या आसपास किंवा वर. पण हे अंदाजच. एकाच जातीचं पीक दर वर्षी बदलतं, शेताशेताप्रमाणे बदलतं. तुमच्या हातातल्या पाकिटावर जे छापलंय तेच धरा.

दुसरा आकडा पिकाच्या वर्षाचा. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स आमच्या राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतात आणि काढणी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर चालते. म्हणजे जुलैमध्ये घेतलेलं 'ताजं' पाकीट जवळपास वर्षभराचं असतं. हवाबंद, नायट्रोजन भरलेलं आणि फ्रीजमध्ये ठेवलेलं असेल तर काही बिघडत नाही. दुकानात बाहेर मांडणीवर ठेवलेलं असेल तर घेऊ नका. पाकीट उघडल्यावर चीझचा किंवा घामट मोज्यांचा वास आला तर ते टाकून द्या. जुने हॉप्स जास्त घालून ताज्यांची भरपाई होत नाही. वास कमी झालेला असतोच, वर नको ती चवही येते.

२. कडवटपणाचं लक्ष्य ठरवा

कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. ढोबळमानाने, एक लिटर बिअरमध्ये किती मिलिग्रॅम रूपांतरित अल्फा ॲसिड आहे तो हा आकडा. अमेरिकन आयपीएसाठी स्पर्धांच्या मार्गदर्शिकेत ४० ते ७० आयबीयू दिलेले आहेत. गढूळ, रसाळ अशा हेझी आयपीएत हे कमी असतात.

पहिल्या बॅचला ५० ते ५५ धरा, असं माझं मत. बिअरच्या गोडव्याशी कडवटपणा तोलायचा असतो. सुरुवातीची घनता (आंबवण्याआधी द्रवात किती साखर आहे याचं माप) १.०६० असेल, तर शेवटचे दोन अंक ६० आणि आयबीयू त्याच्या जरा खाली, हा तोल आयपीएला छान बसतो. शंभर आयबीयूच्या गप्पा ऐकू येतील, त्यांच्या मागे लागू नका. वॉर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड, अजून न आंबलेल्या द्रवात, ही आम्लं विरघळायला मर्यादा असते, बरीचशी फेसाला आणि यीस्टला चिकटून निघून जातात, आणि एका टप्प्यानंतर जिभेला फरकही कळत नाही.

३. साठ मिनिटांचे हॉप्स: ग्रॅम काढा

उकळी फुटली की घड्याळ लावायचं आणि पहिले हॉप्स टाकायचे. ते ६० मिनिटं उकळणार. यातलं सगळं अल्फा ॲसिड बिअरमध्ये उतरत नाही. ग्लेन टिन्सेथ यांचं सूत्र घरगुती ब्रुअर सर्रास वापरतात. त्यानुसार १.०६० घनतेच्या वॉर्टमध्ये उतरणारा वाटा साधारण असा:

- ६० मिनिटं उकळल्यास: ०.२१
- ३० मिनिटं: ०.१६
- १५ मिनिटं: ०.१०
- १० मिनिटं: ०.०७६

आता गणित. हवे असलेले आयबीयू गुणिले लिटर, आणि त्याला भागायचं (अल्फा टक्के × उतरणारा वाटा × १०) यांनी.

या पहिल्या टप्प्यातून मला ३५ आयबीयू हवेत, बॅच २० लिटरची, मॅग्नम १२ टक्क्यांचं. ३५ × २० = ७००. खाली १२ × ०.२१ × १० = २५.२. उत्तर सुमारे २८ ग्रॅम, एक औंस. पाकिटावर १४ टक्के असते तर २४ ग्रॅम पुरले असते. ९ टक्के असते तर ३७ लागले असते. पाककृतीत फक्त 'एक औंस' लिहिलं असेल आणि टक्के दिले नसतील, तर ती पाककृती अर्धवट आहे.

या टप्प्याला महागडे सिट्रा किंवा मोझॅक वापरू नका. तासभर उकळल्यावर त्यांचा वास शिल्लक राहत नाही. मॅग्नमसारखा स्वच्छ कडवटपणा देणारा हॉप घ्या.

इथे तीन ठिकाणी घसरायला होतं:

पहिलं, माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार अर्क) वापरून १०-१२ लिटरच उकळायचं आणि मग पाणी घालून २० करायचं, ही पद्धत. घट्ट वॉर्टमध्ये अल्फा ॲसिड कमी उतरतं. अर्धं एक्स्ट्रॅक्ट उकळीच्या शेवटी घाला, म्हणजे घनता आवाक्यात राहते. सूत्रात लिटर धरताना मात्र शेवटचे २० धरायचे.

दुसरं, पेलेट (हॉप्स दळून दाबलेल्या गोळ्या) आणि अख्खी फुलं यांतला फरक. पेलेटमधून अल्फा जास्त सहज उतरतं. अख्खी फुलं वापरत असाल तर साधारण दहा टक्के जास्त घ्या. आणि ल्युप्युलिन वेगळं काढून बनवलेली क्रायो पेलेट हाती आली असतील तर सुगंधासाठी नेहमीच्या निम्मी पुरतात.

तिसरं, उतू जाणं. हॉप्स पडल्याबरोबर वॉर्ट फसफसून वर येतं. आच कमी करा, थोडे थोडे टाका, पाण्याचा स्प्रे हाताशी ठेवा. वॉर्ट चिकट आणि उकळतं असतं, अंगावर आलं तर वाईट भाजतं. मुलांना स्वयंपाकघरात फिरकू देऊ नका.

४. शेवटची दहा मिनिटं आणि व्हर्लपूल

खिरीत वेलदोड्याची पूड गॅस बंद करताना घालतात, तोच विचार इथे. तेलं उडू द्यायची नाहीत.

उकळीची दहा मिनिटं उरली की २८ ग्रॅम सेंटेनियल. १० टक्के अल्फा धरला तर यातून सुमारे ११ आयबीयू येतात आणि चवीला लिंबूवर्गीय, किंचित फुलांचा भाग मिळतो.

मग आच बंद. आता लगेच पुढचे हॉप्स टाकू नका. वॉर्ट ८० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू द्या, चिलर (वॉर्ट गार करायचं साधन) असेल तर काही मिनिटांत उतरतं. मग ५६ ग्रॅम सिट्रा टाका, निर्जंतुक पळीने गोल ढवळून भोवरा करा, झाकण ठेवून २० ते ३० मिनिटं मुरू द्या. यालाच व्हर्लपूल म्हणतात. उकळत्या तापमानाला अल्फा ॲसिड झपाट्याने बदलतं, ८० अंशांना तो वेग बराच मंदावतो. त्यामुळे इथे हॉप्स सढळ हाताने घालता येतात आणि कडवटपणा पाच ते दहा आयबीयूनेच वाढतो. लिटरला २ ते ४ ग्रॅम हे माप लक्षात ठेवा.

एकूण बेरीज: ३५ अधिक ११ अधिक ५ ते १०. आपण ठरवलेल्या लक्ष्याच्या आसपास पोचलो.

यानंतर झटपट गार करणं, फर्मेंटरमध्ये ओतणं, यीस्ट घालणं, हे सगळं कुठल्याही एल बिअरसारखंच.

५. ड्राय हॉपिंग: इथे संयम ठेवा

जगभरातले नवे ब्रुअर हॉप्स सगळ्यात जास्त वाया घालवतात ते या टप्प्यावर, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आंबवण पूर्ण झालेल्या गार बिअरमध्ये हॉप्स टाकून ठेवणं ही पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला पिंपांतून पेल एल यायची, तिला भरपूर हॉप्स घातलेले असत आणि पिंपातही वरून हॉप्स टाकत. बो ब्रुअरीचे हॉजसन आणि पुढे बर्टनचे ऑलसॉप व बास हे त्या व्यापारातले मोठे. 'इंडिया पेल एल' हे नाव त्या व्यापारातून आलं. आज आपण जी अमेरिकन आयपीए करतो तिचा सुगंध मात्र वेगळ्या हॉप्सचा. १९७२ साली कॅस्केड बाजारात आला आणि पुढच्या दशकांत सेंटेनियल, सिमको, सिट्रा यांनी संत्रं, ग्रेपफ्रूट, आंबा, पाईन असे वास बिअरमध्ये आणले. उकळीत न टाकल्यामुळे ही तेलं जशीच्या तशी राहतात.

मग किती घालायचे? ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत स्कॉट लाफाँटेन आणि टॉमस शेलहॅमर यांनी कॅस्केड वापरून हा प्रश्न तपासला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लिटरला ८ ग्रॅमपर्यंत सुगंध वाढतो, पण त्यापुढे वाढ मंदावते. हॉप्स दुप्पट केले म्हणून वास दुप्पट होत नाही. उलट लिंबूवर्गीय वास मागे पडून वनस्पतीसारखा, चहापत्तीसारखा वास पुढे येतो. त्यांनी सुचवलेली मर्यादा लिटरला ४ ते ८ ग्रॅम. हेझी आयपीए करणारे व्यावसायिक याच्या कितीतरी वर जातात, पण त्यांच्याकडे बिअरपासून हॉप्सचा गाळ वेगळा करायची साधनं असतात आणि हवेपासून बचाव करायची टाक्या-नळ्यांची सोय असते. घरी प्लास्टिकच्या बादलीत ते करू नये.

पहिल्या बॅचला ११२ ग्रॅम घ्या, लिटरला साडेपाच ग्रॅमच्या आसपास. निम्मे सिट्रा, निम्मे सिमको. किंवा निम्मे सेंटेनियल. दोनपेक्षा जास्त जाती एकत्र करू नका. कुठल्या हॉपने काय दिलं हे ओळखायची सवय आधी लागू द्या.

करायचं कसं:

यीस्टचं काम संपू द्या. हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस तोच राहिला म्हणजे संपलं. तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान. पिशवी आणि कात्री निर्जंतुक करा, हॉप्स पिशवीत सैल भरा. घट्ट गच्च भरलेल्या पिशवीत मधले पेलेट कोरडेच राहतात. झाकण उघडा, पिशवी सोडा, लगेच बंद करा. ढवळायचं नाही. प्राणवायू हा हॉप्सच्या वासाचा वैरी आहे. हवा लागलेली आयपीए आठवड्या-दोन आठवड्यांत तपकिरी पडते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

दोन ते तीन दिवस पुरतात. जुन्या पुस्तकांत एक-दोन आठवडे लिहिलेले असतात, पण पेलेटमधलं हवं ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच उतरतं. पुढे गवताची चव येऊ लागते. हॉप्स बिअर शोषून घेतात, तेव्हा वीस लिटरमधून लिटरभर कमी मिळेल हे गृहीत धरा.

६. बाटल्या भरायची घाई नको

हा धोका खरा आहे. हॉप्समध्ये विकरं असतात. यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या शर्करा ती तोडतात आणि झोपी गेलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. याला हॉप क्रीप म्हणतात. अशा वेळी बाटल्या भरल्या तर आतला दाब वाढत जातो आणि काच फुटू शकते.

म्हणून ड्राय हॉप काढल्यावर पुन्हा हायड्रोमीटर लावा. आकडा उतरत असेल तर थांबा. दोन दिवस स्थिर राहिला, आणि चाखल्यावर लोण्यासारखा, बटर पॉपकॉर्नसारखा वास येत नसला, की मगच बाटल्या. कार्बोनेशनसाठी लिटरला साधारण ६ ग्रॅम साखर, म्हणजे १९ लिटरला ११५ ग्रॅमच्या आसपास, पाण्यात उकळून सबंध बिअरमध्ये नीट मिसळा. दर बाटलीत चमच्याने अंदाजे साखर टाकू नका.

आणखी एक गोष्ट, घरात कुत्रा असेल तर. हॉप्स कुत्र्यांसाठी विषारी आहेत. अंगातला ताप धोकादायक पातळीपर्यंत चढतो आणि जीव जाऊ शकतो. वापरलेला चोथासुद्धा घातक. तो बागेच्या खतात टाकू नका, पिशवीत बांधून झाकणाच्या कचरापेटीत टाका. कुत्र्याने खाल्ल्याचा संशय आला तरी तडक पशुवैद्याकडे न्या.

७. फ्रीजवर चिकटवायचं वेळापत्रक

वीस लिटर, सुरुवातीची घनता १.०६०:

- ६० मिनिटं: मॅग्नम (१२ टक्के) २८ ग्रॅम
- १० मिनिटं: सेंटेनियल (१० टक्के) २८ ग्रॅम
- ८० अंशांना व्हर्लपूल, २०-३० मिनिटं: सिट्रा ५६ ग्रॅम
- ड्राय हॉप, २-३ दिवस: सिट्रा ५६ ग्रॅम, सिमको ५६ ग्रॅम

अमेरिकन पाककृती बहुधा पाच गॅलनच्या असतात, म्हणजे १९ लिटर. पाच गॅलनचं वेळापत्रक दहा लिटरच्या बॅचला लावताना हॉप्स साधारण निम्मे करायचे. उरलेले पेलेट हवा काढून पिशवीत बंद करा आणि फ्रीजरमध्ये ठेवा, पिशवीवर जात, टक्के आणि तारीख लिहून.

८. पुढच्या बॅचला एकच आकडा बदला

बाटल्यांना दोन आठवडे खोलीच्या तापमानाला द्या, मग फ्रीजमध्ये ठेवून महिना-दीड महिन्यात संपवा. आयपीए साठवून मुरवायची बिअर नाही.

पिताना वही जवळ असू द्या. कडवटपणा कमी वाटला तर ६० मिनिटांचे हॉप्स पाच ग्रॅमनी वाढवा, बाकी काही हलवू नका. कडवटपणा ठीक आहे पण घसा खरवडतो, असं वाटलं तर ड्राय हॉपचे दिवस आणि वजन आधी तपासा, ६० मिनिटांकडे नंतर या. वास दबलेला वाटला तर हॉप्स वाढवण्याआधी पिकाचं वर्ष बघा आणि बाटल्या भरताना बिअर खळखळली होती का ते आठवा. बहुतेक वेळा कारण तिथे सापडतं. हे दोन्ही ठीक असेल तर ड्राय हॉप लिटरला साडेपाचवरून सात ग्रॅमवर न्या. आठच्या पुढे घरच्या बादलीत मी जात नाही.